भाकिताचीही उगवण तपासा

 

पेरणीचे दिवस जवळ आले की आपल्या गटाच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, घरचं सोयाबीन बियाण्याला चालेल का? दुसरा, यंदा पाऊस कसा राहील? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण घरीच शोधतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो. कोणी पंचांग सांगतं, कोणी बाबाचं म्हणणं सांगतं, कोणी मोबाईलवर आलेलं वाचून दाखवतं. त्या ऐकीव गोष्टीवर बियाणं, खत आणि गटातून उचललेलं कर्ज मातीत जातं. पाऊस दडी मारून बसला की दुबार पेरणी येते. भाकीत सांगणारा त्यातला एक रुपयाही भरून देत नाही.

म्हणून आज आपण एवढंच बोलणार आहोत: पुढचं सांगणाऱ्या माणसाचं सांगणं खरं निघतं का, हे तपासायचं कसं? त्यासाठी मोठं शिक्षण लागत नाही. ज्या रीतीने आपण बियाणं तपासतो, त्याच रीतीने भाकीतही तपासता येतं.

गोणपाट काय शिकवतं?

उगवण कशी तपासतात ते तुम्हाला माहीतच आहे. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा. पोत्यातून सरसकट 100 दाणे घ्यायचे आणि दहा-दहाच्या ओळीत मांडायचे. वरून दुसरा ओला तुकडा टाकायचा, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलोच्या हिशोबाने पेरायचं. कमी उगवले तर बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर बदलायचं.

यात आपण चार गोष्टी न सांगता पाळतो. एक, टपोरे दाणे निवडून घेत नाही, येतील ते घेतो. दोन, न उगवलेले दाणेही मोजतो. तीन, 70 हा आकडा आधीच ठरलेला असतो, गुंडाळी उघडल्यावर ठरवत नाही. चार, सासूने मोजलं काय आणि सुनेने मोजलं काय, आकडा तोच येतो.

मैत्रिणींनो, या चार गोष्टी लक्षात ठेवा. जगात जिथे जिथे भाकिताची नीट परीक्षा झाली, तिथे तिथे याच चार गोष्टी पाळल्या गेल्या. जिथे त्या पाळल्या नाहीत, तिथे मोठमोठे शिकलेले लोकही फसले.

अमेरिकेतले बसल्या जागी पाहणारे

भविष्य पाहण्याची हौस फक्त खेड्यातच असते असं कोणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांगा. 1972 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत हॅरल्ड पुटहॉफ आणि रसेल टार्ग या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी एक काम हाती घेतलं. त्याचं नाव रिमोट व्ह्यूइंग, म्हणजे बसल्या जागी मनाने दूरचं पाहणं. एक माणूस खोलीत बसायचा. दुसरा माणूस दूर कुठेतरी जायचा, पुलावर, बागेत, तलावावर. खोलीतल्याने डोळे मिटून सांगायचं की तो कुठे उभा आहे. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने आणि लष्कराने यावर वीसहून जास्त वर्षं पैसा घातला. एकूण खर्च सुमारे 2 कोटी डॉलर.

पुढे यातून भविष्य सांगायची एक युक्ती निघाली. ती आपल्या भाषेत समजून घेऊ. समजा, पुढच्या सोमवारी सोयाबीनचा भाव चढेल की उतरेल हे जाणून घ्यायचं आहे. एक बाई मनाशी ठरवते, भाव चढला तर लिंबू आणि उतरला तर घागर. हे ती कोणालाच सांगत नाही. मग दुसऱ्या बाईला विचारते, "सोमवारी मी तुमच्या हातात एक वस्तू देणार आहे. ती कशी असेल, चित्र काढा." तिने पिवळं, गोल, लहानसं काही काढलं तर ते लिंबू. म्हणजे भाव चढणार, माल थांबवा. सोमवार उजाडला की खऱ्या भावाप्रमाणे ती वस्तू हातात द्यायची.

1982 साली टार्ग आणि त्यांच्या साथीदारांनी चांदीच्या बाजारात हेच केलं. सलग 9 वेळा अंदाज बरोबर आला, लाखाच्या वर डॉलर मिळाले, असं त्यांनी सांगितलं. ऐकूनच कोणाच्याही मनात येईल, आपणही करून बघावं. पण पुढच्या वर्षी तेच पुन्हा करायला गेले तेव्हा जमलं नाही. पहिल्याच वर्षाची गोष्ट ऐकून कोणी गटाची बचत त्यात घातली असती, तर दुसऱ्या वर्षी काय हाती राहिलं असतं?

आता त्या पहिल्या प्रयोगांचंही पाहू. न्यूझीलंडचे दोन मानसशास्त्रज्ञ, डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन, यांनी त्या प्रयोगांचे कागद तपासले. 1978 साली त्यांनी जे छापलं ते साधं होतं. कागदांत नकळत खुणा राहिल्या होत्या. "काल आपण दोन जागा पाहिल्या," असं बोलणं त्यात तसंच लिहिलेलं होतं. कोणतं वर्णन कोणत्या जागेचं, हे ठरवणाऱ्या परीक्षकाला त्यावरून कळू शकत होतं की हा तिसऱ्या दिवसाचा कागद आहे. जागांची यादी त्याच्या हातात होतीच. मग जोडी लावायला दिव्यदृष्टी कशाला लागते? परीक्षेत पेपर तपासणाऱ्याला पोराचं नाव दिसावं, तसं हे झालं.

शेवटी 1995 साली अमेरिकेच्या सरकारने सगळं काम तपासायला दिलं. तपासणाऱ्यांत संख्याशास्त्राच्या जेसिका उट्स आणि मानसशास्त्राचे रे हायमन होते. उट्स म्हणाल्या, आकड्यांत काहीतरी दिसतंय. हायमन म्हणाले, यावरून काही सिद्ध होत नाही. पण एका गोष्टीवर अहवाल स्पष्ट होता. इतक्या वर्षांत यातून मिळालेल्या माहितीवर एकही मोहीम आखता आली नव्हती. काम बंद झालं.

पुण्यात झालेली परीक्षा

आता आपल्या महाराष्ट्रात या. पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे डॉ. जयंत नारळीकर सगळ्यांना माहीत आहेत. 2008 साली त्यांनी ज्योतिषाची परीक्षा घेतली. सोबत संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे होते.

त्यांनी 200 मुलांच्या कुंडल्या जमवल्या. त्यांतली 100 मुलं शाळेत हुशार म्हणून नावाजलेली होती आणि 100 मुलं बौद्धिक दिव्यांग होती. ज्योतिषांना सांगितलं, आम्ही प्रत्येकाला 40 कुंडल्या देऊ, त्यांतली कोणती हुशार मुलाची आणि कोणती दुसऱ्या गटातली, एवढंच सांगा. मूल समोर नाही, आईबाप समोर नाहीत, फक्त कुंडली. 51 ज्योतिषी तयार झाले, 27 जणांनी उत्तरं पाठवली.

उत्तर दोनपैकीच एक असतं. तेव्हा डोळे मिटून नाणं उडवत गेलं तरी 40 पैकी साधारण 20 बरोबर येतात. म्हणून आधीच ठरलं होतं की ज्ञान आहे असं म्हणायला 40 पैकी किमान 28 बरोबर यायला हवेत. सगळ्यांत जास्त ज्याचे आले त्याचे 24 होते. सगळ्यांची सरासरी शंभरात 46 निघाली, म्हणजे नाण्यापेक्षा थोडी कमीच. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 कुंडल्या पाहिल्या, त्यांचे 102 बरोबर आले.

यात गोणपाटाच्या चारही गोष्टी आल्या की नाही बघा. कुंडल्या सरसकट दिल्या. चुकलेल्याही मोजल्या. 28 हा आकडा आधी ठरवला. आणि उत्तरं कोणीही मोजली तरी तीच येतील. कोणाला शिव्या दिल्या नाहीत, कोणाचा अपमान केला नाही. मोजलं आणि सांगितलं.

"मुलगाच होईल" म्हणणारा

ही दोनपैकी एकाची गोष्ट आपल्या घरातही येते. पोटुशी सून असली की कोणी ना कोणी सांगतं, अमक्या गावचा बाबा अचूक सांगतो. आता हिशोब करू. त्या बाबाने 100 बायांना "मुलगा होईल" सांगितलं. काहीच न करता त्यांतल्या निम्म्या जणींना मुलगा होणारच. त्या पेढे घेऊन बाबाकडे जातात, चार घरी सांगतात. ज्यांना मुलगी झाली त्या जातात का? त्या गप्प राहतात. कोणी विचारायला गेलीच तर उत्तर मिळतं, "तुमची श्रद्धा कमी पडली." काही जण तर तोंडाने "मुलगा" सांगतात आणि वहीत "मुलगी" लिहून ठेवतात. भांडायला गेलं की वही उघडून दाखवतात.

म्हणजे उगवलेले दाणे तेवढे मोजले आणि न उगवलेले झाडून टाकले. अशाने कोणतंही बियाणं शंभर टक्के उगवलेलं दिसेल.

यात नुकसान फक्त पैशाचं नाही. मुलगा सांगितलेल्या घरी मुलगी आली की बोल त्या सुनेला लागतात, बाबाला नाही. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे मशीनवर पाहून सांगणं हा गुन्हा आहे. पोटातल्या बाळाचं लिंग बदलून देतो असा दावा करणं हाही महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. असा दावा करणारा भेटला तर गटाने पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

आणखी एक खेळ घरी करून बघा. 20 जणींनी प्रत्येकी 10 वेळा नाणं उडवायचं आणि आधी ओळखायचं, छापा की काटा. 20 जणींत साधारण एकीचे 10 पैकी 8 किंवा त्याहून जास्त बरोबर येतात. तिला काही दिव्यदृष्टी नसते. पण तिने बाहेर जाऊन सांगितलं की माझे 10 पैकी 8 खरे निघतात, आणि बाकीच्या 19 जणींचं कोणी विचारलंच नाही, तर तिच्या दारी रांग लागेल. तिलाच पुन्हा 10 वेळा ओळखायला लावा, खरं काय ते कळेल. अमेरिकेतल्या चांदीचंही दुसऱ्या वर्षी असंच झालं.

भेंडवळचा घट

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. आपण घाटावरचे. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ हे गाव आहे. तिथे अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. ती साडेतीनशे वर्षांची मानली जाते. त्यांचे वंशज आजही ती चालवतात.

गावाबाहेर शेतात गोल घट आखतात. त्यात गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, सरकी अशी अठरा धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळं ठेवतात, त्यांवर पाण्याने भरलेली घागर. वर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई, करंजी आणि पान-सुपारी. रात्री तिथे कोणी थांबत नाही. पहाटे येऊन पाहतात. दाणे कुठे सरकले त्यावरून पिकाचं, ढेकळं किती भिजली त्यावरून पावसाचं, पुरीवरून पृथ्वीवरच्या संकटाचं आणि पानावरून राजाचं भाकीत सांगतात. ते ऐकायला विदर्भ, खान्देश, मराठवाड्यातून शेतकरी येतात.

उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणीच्या आधी, शेतकरी एकत्र बसून पिकापाण्याचा विचार करतात, ही या दिवसाची चांगली बाजू आहे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना हसण्याचं आम्हाला कारण नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. जिथे भाकीत ऐकून कर्ज काढलं जातं, तिथे भाकिताचा हिशोबही ठेवला पाहिजे.

तो ठेवणं सोपं आहे. चार महिन्यांचा पाऊस वेगवेगळा सांगतात. म्हणजे दर वर्षी चार उत्तरं, पाच वर्षांत 20. प्रत्येक महिन्यासाठी कमी, साधारण किंवा जास्त, यांपैकी एकच शब्द लिहायचा. साधारण म्हणजे किती, हेही आधी ठरवायचं. हवामान खातं जिल्ह्याच्या पावसासाठी सरासरीच्या 19 टक्के खाली-वर चालतं असं धरतं. आपणही तेच धरू. महिना संपला की आपल्या मंडळात किती पाऊस झाला आणि सरासरी किती असते, हे कृषी सहायकांना विचारून शेजारी लिहायचं.

सोबत एक गंमत करायची. एका डब्यात कमी, साधारण, जास्त अशा तीन चिठ्ठ्या टाकायच्या आणि प्रत्येक महिन्यासाठी घरातल्या लहान लेकराला एक उचलायला लावायची. तीही वहीत लिहायची. चिठ्ठ्यांचे 20 पैकी सहा-सात बरोबर येतील. भाकिताचेही सात-आठच आले तर ते चिठ्ठीएवढंच ठरलं. बारा-तेरा आले तर मान द्यायचा आणि आणखी पाच वर्षं तपासायचं.

"कुठे कमी, कुठे जास्त पाऊस पडेल" असं वाक्य मात्र वहीत घ्यायचं नाही. ते कधी खोटं ठरूच शकत नाही. जे खोटं ठरू शकत नाही, त्याने पेरणीही ठरत नाही.

हवामान खात्यालाही तोच माप

कोणी म्हणेल, हवामान खातं तरी कुठे बरोबर सांगतं? प्रश्न रास्त आहे. 2002 साली खात्याने देशात पाऊस साधारण राहील असं सांगितलं आणि प्रत्यक्षात तो सरासरीपेक्षा 19 टक्के कमी पडला. देशभर दुष्काळ झाला. पण खात्याचं भाकीत आकड्यात लिहिलेलं होतं, म्हणून चूक सगळ्यांना मोजता आली. त्यानंतर खात्याने आपली अंदाजाची रीत बदलली. चूक मोजता आली तर रीत सुधारता येते. चूक लपली तर तीच रीत पुढच्या वर्षीही आपलं नुकसान करते.

म्हणून वहीत हवामान खात्यालाही एक रकाना द्या. मोबाईलवरच्या अंदाजालाही द्या. गावातल्या म्हाताऱ्या आजी मुंग्या आणि पक्षी पाहून सांगतात, त्यांनाही द्या. सगळ्यांना माप एकच.

गटाने काय करायचं?

हिशोबाची वही अद्ययावत ठेवणं हे आपल्या बचत गटाच्या पंचसूत्रीतलंच एक सूत्र आहे. त्याच वहीत मागे चार पानं भाकितासाठी ठेवा.

भाकीत ऐकलं त्याच दिवशी, तारीख टाकून, कोणी सांगितलं त्यासह लिहा. खाली तीन जणींच्या सह्या किंवा अंगठे घ्या. घटना घडून गेल्यावर "मी तेव्हाच म्हटलं होतं" असं कोणी म्हणालं तर ते लिहायचं नाही. खरं-खोटं ठरवणारी बाई वेगळी ठेवा. कोणाचं भाकीत काय होतं हे तिला माहीत नसावं, तिने फक्त पावसाचा आणि भावाचा आकडा लिहायचा. चुकलेलं एकही भाकीत खोडायचं नाही. दिवाळीनंतरच्या बैठकीत सगळं मोठ्याने वाचायचं.

आणि पाच वर्षं होईपर्यंत पेरणीचं काय? ती भाकितावर सोडायची नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर ठरवायची. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. हे मोजायला सरळ भिंतीचा एक डबा पुरतो, तळाशी आणि तोंडाशी सारखाच रुंद. तो अंगणात, झाडापासून आणि पागोळीपासून दूर ठेवायचा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी घालून पाणी मोजायचं, लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. सलगच्या पावसाची बेरीज साडेसात ते दहा सेंटीमीटर झाली, जमीन वीतभर ओली झाली, की तिफण काढायची. दोन सरी आल्या आणि शेजाऱ्याने पेरलं म्हणून घाई करायची नाही.

गटातून बियाण्यासाठी कर्ज मागायला कोणी आली तर एवढे दोनच प्रश्न विचारा: "ताई, गोणपाटावर किती दाणे उगवले? डब्यात किती पाऊस झाला?" कोणत्या महाराजांनी काय सांगितलं, हा तिसरा प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

वहीची पानं यंदापासूनच सुरू करा. दिवाळीनंतर ज्या गटांची वही भरलेली असेल त्यांनी आम्हाला कळवा. कोणाचं भाकीत किती उगवलं ते आपण याच कार्यक्रमात सगळ्यांसमोर वाचू.